अळणी नवस

उघाडीचं, खाडीचं पाणी अडवणारं लाकडी दार वर ओढलेलं होतं आणि भरतीचं पाणी मिठागराच्या पिकलेल्या वाफ्यांवरून थेट बांधाला लागलं होतं. काल संध्याकाळी जिथे मीठ पांढरं धरलं होतं तिथे आता नुसतं आभाळ दिसत होतं.

शांती भाकरीचा डबा घेऊन बांधावर आली तेव्हा तिचा नवरा पुंडलिक त्या पाण्यात गुडघाभर उभा होता. लेंगा वर खोचलेला, डोळे लाल. चार रात्री झोपला नव्हता तो. समोर त्याचा थोरला भाऊ हरिश्चंद्र हातात मीठ ओढायची फळी धरून उभा होता, आणि ती फळी कुठे टेकावी हेच त्याला सुचत नव्हतं.

"मोकळी केली, दादा!" पुंडलिक ओरडून सांगत होता. "खाडी आपन कोंडून ठेवतो. आजा-पनज्यापासून कोंडलीय. तिना श्वास नको? बघ, कशी हसतेय बघ!"

हरिश्चंद्रने मान वळवून शांतीकडे बघितलं.

"गोळ्या देतेस ना गो त्याला?"

"देते, दादा."

"नीट देतेस?"

"माझ्या हातानं देते. तोंड उघडायला लावून बघते."

"मंग ह्ये काय हाय?"

शांतीने डबा बांधावर ठेवला. तिचा आवाज जन्माचाच हळू. मोर्व्यात, त्यांच्या गावात, बायका म्हणत, हिचं भांडण ऐकायला शेजाऱ्यांना भिंतीला कान लावावा लागतो. ती पाण्यात उतरली. रात्रीचं थंड पाणी भेगाळलेल्या टाचांना झोंबलं. तिने पुंडलिकचं मनगट धरलं.

"चला. चा थंड होतोय."

"तू पन श्वास घे, शांते. ह्या घरात तुला पन कोंडलीय."

बांधावर येईपर्यंत हरिश्चंद्रने ठरवलं होतं. तो वाईट माणूस नव्हता. बाप गेल्यावर ह्याच भावाला त्याने खांद्यावरून मिठागरात आणला होता. पण त्याची पाठ आता वाकली होती, आणि ओढायला दुसरे हात नव्हते. बाकीच्या घरांची मिठागरं केव्हाच बंद पडली होती. ह्याच दोघांनी धरून ठेवलं होतं.

"शिमगा झाला," तो म्हणाला. "पावसाच्या आत एक तरी पीक निघायला पायजे. मे लागायच्या आत हा फळीला उभा राह्यला तर ठीक. न्हायतर तिकडं वाडा तालुक्यात अशा मानसांची एक संस्था हाय. माझ्या मेव्हन्यानं बघितलीय. ठेवून घेतात."

"किती दिवस?"

"कायमचं ठेवतात गो," हरिश्चंद्र म्हणाला आणि फळी घेऊन उघाडी बंद करायला गेला.

*

बेव्हर्ली पार्कच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं तर मोर्व्याहून भाईंदर, तिथून पूल ओलांडून मीरा रोड. रिक्षात पुंडलिकने अख्खं मिठागर रिक्षावाल्याच्या नावावर करून टाकलं.

"पूरा आगर तुम्हारा. कागज नहीं चाहिए. जबान दिया मैंने."

"शुक्रिया, सेठ," रिक्षावाला आरशातून शांतीकडे बघून हसला. "मॅडम, साहब हमेशा ऐसेच रहते क्या?"

शांती बाहेर बघत राहिली.

दवाखान्यात पुंडलिक बाकावर बसला तशी शेजारची बाई पर्स उचलून पलीकडच्या खुर्चीवर गेली. तो तिच्याकडे बघून हात जोडून हसला. मग तिचा मुलगाही उठला.

डॉक्टरीणबाई थकलेल्या होत्या, पण बोलायला मऊ. कागद उलटत त्यांनी विचारलं, "रक्तात लिथियम कमीच दिसतंय. गोळ्या चुकत नाहीत ना?"

शांतीने पिशवीतून प्लास्टिकची थैली काढली आणि रबर सोडून टेबलावर पालथी केली. रिकामी पाकिटं. एकेक गोळी काढलेली, चंदेरी कागद फाटलेला. चार-सहा पाकिटं घसरून खाली पडली.

"ह्या सगळ्या खाल्ल्यात त्यांनी, डॉक्टर. दादा विचारतात, जाऊबाई विचारतात, तुम्ही पन विचारता. म्हनून ठेवते."

डॉक्टरीणबाई खाली वाकल्या आणि पडलेली पाकिटं स्वतः उचलून त्यांनी थैलीत भरली.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "काही जणांना औषध पुरतं लागू पडतच नाही. नीट घेऊनसुद्धा."

"मंग त्यांनी काय करायचं?"

पहिल्या गोळीने पुंडलिकच्या तोंडातून लाळ गळायची आणि तो दिवसभर भिंतीला टेकून बसायचा. दुसरीने भूक अशी वाढली की तो टोपातला भात हाताने खायचा. अंगाने दुप्पट झाला, पण डोकं तसंच. तिसरीने अंगभर चट्टे उठले. ही लिथियमची चौथी. हिने निम्मं काम केलं होतं. निम्मा पुंडलिक घरात होता, निम्मा कुठेतरी पळत होता.

"हीच थोडी वाढवू या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पंधरा दिवसांनी नया नगरच्या लॅबमध्ये रक्त द्या, मग परत बघू. चुकवू नका. उन्हातलं काम नको. पाणी भरपूर."

उन्हातलं काम नको. शांतीने मान हलवली. मिठागरात सावलीतलं काम कुठलं असतं ते तिने विचारलं नाही.

*

घरी पहिला चहा होण्याआधी देवापुढे दिवा लागायचा. सोमवारचा उपास होता, मंगळवारचा होता, संकष्टीचा होता. पुंडलिकच्या दुखण्यापायी शांतीने एकेक गोष्ट सोडत आणली होती. साखर सुटली. पायातली चप्पल सुटली. एक वर्ष भात सुटला. सोडण्यासारखं आता घरात काही उरलं नव्हतं.

राहिलं होतं ते मीठ.

मंगळवारी ती पुंडलिकला घेऊन गावदेवीला गेली. तो वाटभर बोलत होता, पण देवळात शिरताच गप्प झाला; देवीपुढे तो नेहमीच गप्प व्हायचा. शांतीने पदरातून आणलेलं मूठभर खडे मीठ त्याच्या ओंजळीत दिलं आणि त्याचे हात धरून देवीच्या पायाशी ठेवायला लावलं.

"आई, आमचं मीठ तुझ्यापाशी ठेवलंय," ती म्हणाली. "दोघांचं. हे बरे होतील त्या दिवशी परत घेऊ. तोवर अळणी खाऊ."

घरी चांदणीने, त्यांच्या लेकीने, ऐकलं आणि ती हातातला मोबाइल ठेवून बघतच राहिली. ती स्टेशनजवळच्या एका ऑफिसात कामाला होती.

"आई, मीठ? आपण? मिठागरवाल्यांनी?"

"म्हनूनच," शांती म्हणाली.

डाळ बिनमिठाची. सुकट धुऊन धुऊन तिचा खारटपणा काढलेली. पहिले दोन दिवस पुंडलिकने ताट सरकवलं. मग एके दिवशी जेवला. आणि मग एका सकाळी शांतीला जाग आली तेव्हा तो झोपलेला होता. भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन, घोरत. ती बराच वेळ त्याचं घोरणं ऐकत बसली. दिवा लावायला त्या दिवशी उशीर झाला.

तो मिठागरात गेला. हरिश्चंद्रच्या बाजूला उभा राहून त्याने फळी धरली. वाफ्यात फळी रोज फिरवावी लागते. नाहीतर मीठ दाणा धरत नाही, एकसंध खपली होऊन तळाला चिकटतं. पुंडलिकचा हात त्यात चांगला. पायाच्या तळव्याला कळायचं त्याला, कुठला वाफा तयार आहे. दुपारी घामाने सदरा पाठीला चिकटायचा, वाळून त्यावर पांढरे नकाशे उमटायचे. बांधावर बसून तो शांतीच्या हातची अळणी भाकरी काही न बोलता खायचा.

"गोळी लागली म्हनायची," हरिश्चंद्र म्हणाला.

शांती नुसती हसली. कोण पावलं ते तिला ठाऊक होतं.

नया नगरला जायचा दिवस आला तेव्हा वाफे भरून आले होते. हरिश्चंद्र म्हणाला, "आता बरा हाय तर रगत कशाला काढता? मिठाची ओढनी होऊ दे." मंदा, त्याची बायको, म्हणाली, "बऱ्या मानसाला सुई टोचून आजारी करायचा." शांतीच्या मनात आणखी एक होतं, ते ती कोणाला बोलली नाही. आईने दिलंय. ते आता सुई लावून तपासायचं, म्हणजे तिच्यावर संशयच.

"ओढनी झाल्यावर जाऊ," ती म्हणाली.

*

आधी बशी वाजायला लागली. चहा पिताना कप बशीवर टकटक करायचा. "हात कापतोय," शांती म्हणाली. "फळी वढून," पुंडलिक म्हणाला. मग त्याला मळमळायला लागलं, पातळ होऊ लागलं. उन्हाळा, सगळ्या आळीत कोणाचं ना कोणाचं पोट बिघडलेलं. मग त्याचे शब्द जड झाले. संध्याकाळी बांधावरून येताना तो पाय रुंद टाकत चालायचा, पाण्याची कावड खांद्यावर असल्यासारखा. पोरं हसली.

"पुंडलिककाका, आज लवकर लावली काय?"

शांतीने ते ऐकलं. ह्या माणसाने जन्मात दारूला हात लावला नव्हता. तिने मान खाली घातली आणि पुढे चालत राहिली. देवी परीक्षा बघते, तिने मनाशी म्हटलं. अळणी सोडायचं नाही.

ओढणीच्या ऐन दिवशी पुंडलिकच्या हातातून फळी सुटली. तो ती उचलायला वाकला आणि तसाच वाफ्यात तोंडावर पडला. हरिश्चंद्रने धावत जाऊन त्याला उताणा केला. कपाळावर, भुवयांवर, ओठांवर मीठ चिकटलं होतं. हात हिसके देत होते.

"पुंड्या! ये पुंड्या!"

"दादा," तो म्हणाला. पण ते 'दादा'सारखं ऐकू आलं नाही.

*

इस्पितळात त्याच्या हाताला सुई लावली होती आणि वर बाटली टांगली होती. थेंब थेंब पडत होतं. शांती उशाशी बसून त्याच्या केसांतलं मीठ नखाने काढत होती.

"ताई, बाटलीत काय हाय?" तिने नर्सला विचारलं.

"सलाइन आहे, काकी. मिठाचं पाणी."

शांतीचा हात केसांतच थांबला.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. रक्ताचा कागद त्यांच्या हातात होता. लिथियम वर चढलं होतं, फार वर. त्यांनी एकेक विचारलं. गोळ्या जास्त दिल्या का? नाही. उन्हात गेला होता? हो. रक्त का दिलं नाही? शांतीने खाली बघितलं. जेवण नीट होतं का?

"जेवन नीट होतं," शांती म्हणाली. "फक्त अळनी होतं."

"अळणी म्हणजे?"

"मीठ सोडलं होतं. नवस केलाय."

डॉक्टरीणबाई खाटेच्या कडेला टेकल्या. त्यांनी चष्मा काढला.

"शांतीताई, अंगात मीठ कमी पडलं की शरीर ही गोळी बाहेर टाकत नाही. धरून ठेवतं. वर घाम, वर जुलाब." त्यांनी चष्मा परत लावला. "मीठ सोडू नका हे मी सांगायला हवं होतं. मिठागरातल्या माणसाला मीठ खा म्हणून सांगावं लागेल, असं माझ्या मनातच आलं नाही."

"पन मी बी तेच खाल्लं, डॉक्टर. एका ताटातलं. मना काय न्हाय झालं."

"तुम्ही ती गोळी खात नाही."

शांतीने विचारलं, "ते झोपत होते. फळीला उभे राहत होते. ते खोटं होतं?"

"खोटं नाही. चढताना मधे काही दिवस ते बरोबर मापाला बसलं असेल. मग पुढे गेलं."

"कुठले दिवस?"

"ते आता कसं सांगणार?"

"मंग त्याच मापानं द्या. मीठ घालून द्या. मी वजन करून घालीन."

"किडनीला ताण बसलाय. आता तीच गोळी परत द्यायला मन धजत नाही. दुसरी सुरू करू."

"पाचवी."

"हो. आणि ती लागेलच असा शब्द मी देत नाही."

शांतीने आयुष्यात कोणापुढे आवाज चढवला नव्हता. आताही चढला नाही. पण तिने पदराचं टोक तोंडात घालून असं चावलं की काठाची जर तुटली.

*

घरी आणल्यावर पुंडलिकचे हात थांबले, पाय सरळ पडू लागले आणि तिसऱ्या दिवसापासून तो पुन्हा बोलू लागला. लिथियम उतरलं तशी झोप गेली. ह्या वेळी तो खाडीबद्दल बोलत नव्हता. देवीबद्दल बोलत होता.

"आईनं उचललं मला. वाफ्यातून उचललं. मीठ तिच्यापाशी हाय माझं."

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, जेवणात मीठ हवं, नाहीतर नवी गोळीही सोसणार नाही. शांतीने डाळीत मीठ घातलं. पुंडलिकने एक घास तोंडात घेतला आणि ताटात थुंकला.

"शब्द मोडतेस? देवीला दिलेला?"

तिने पेजेत घातलं, त्याने पेज मोरीत ओतली. चांदणीने मिठा-साखरेचं पाणी संत्र्याचं सरबत म्हणून पुढे केलं, त्याने वास घेतला आणि पेला भिंतीवर मारला. शांतीने त्याला मीठ परत घ्यायला म्हणून देवळात नेलं, तर तो पायरीवरच बसला. "बरा झालो का मी? न्हाय ना? बरा होईन त्या दिवशी, असं बोललीस तू. माझ्यासमोर बोललीस."

तिचेच शब्द होते.

शेजारची चंपाकाकी ओट्यावर येऊन सांगून गेली, "घोडबंदरला एक बाबा हाय, धूर देतो." मंदा दारात उभी राहून म्हणाली, "इतके उपास केलेस शांते, एखाद-दोन कमी केले असतेस तर बरं झालं असतं." आणि सोमवारी हरिश्चंद्र येऊन ओट्यावर बसला. चप्पल काढली नाही त्याने.

"वाड्याला फोन केलाय. गाडी बुधवारी येते."

"दादा, नवी गोळी आताच चालू झालीय. आठवडे लागतात म्हनाल्या डॉक्टर."

"चार झाल्या गो. किती आठवडे?" त्याचा आवाज फाटला. "माझ्या डोळ्यांदेखत तोंडावर पडला तो. एक मिठाचा घास खाईना तुझ्या हातचा, आनि तू त्याला सांभाळनार?"

तो गेल्यावर शांती चुलीपुढे बसून राहिली. आतून पुंडलिकचा आवाज येत होता. एकसारखा, नळ ठिबकल्यासारखा.

*

दुसऱ्या दिवशी मंगळवार. देवीचा कडक उपास. शांती पाण्याशिवाय काही घेत नसे. तिने दिवा लावला. हात जोडले, पण नेहमीचं काही म्हटलं नाही. मग तिने स्वयंपाकघरातून मिठाची वाटी आणि भाताचं ताट आणलं आणि पुंडलिकसमोर मांडी घालून बसली.

"इकडं बघा."

तो बोलत होता. ती थांबली. तो श्वास घ्यायला थांबला तेव्हा तिने वाटीत बोट घातलं, मीठ जिभेवर ठेवलं आणि तोंड मिटलं. कित्येक दिवसांनी. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. लाळ सुटली. मग तिने ताटातला भाताचा एक घास उचलून खाल्ला.

पुंडलिकचं बोलणं तुटलं.

"आज मंगळवार हाय," तो म्हणाला.

"हाय."

"उपास मोडलास."

"मोडला. नवस पन मोडला. बोलले मी होते, तुमी न्हाय. तुमी नुसते हात धरू दिलेत. आईला कोप करायचा असंल तर माझ्यावर करंल." तिचा आवाज नेहमीसारखा हळूच होता. "आता तुमचं मीठ मोकळं झालं. खावा."

तो तिच्याकडे बघत राहिला, दारातून साप घरात आलेला बघावा तसा. ती पडेल, जळेल, अशा कशाची तरी तो वाट बघत होता. बाहेर रिक्षा गेली. पलीकडच्या इमारतीत कोणीतरी गाद्या झटकत होतं. शांती होती तशीच बसली होती, ओठाला भाताचं शीत लागलेलं.

त्याने हळूच हात पुढे केला. चिमूट उचलून जिभेला लावली. लगेच तोंड वाकडं केलं.

"ह्ये आपलं न्हाय. पिशवीतलं हाय."

चांदणीने दुकानातून आणलेलं होतं. शांती उठली. डोक्यावर पदर घेतला आणि अनवाणीच निघाली.

मिठागरात ऊन भाजत होतं. हरिश्चंद्र एकटाच फळी ओढत होता, चार हात ओढायचा आणि कंबरेवर हात ठेवून उभा राहायचा. तिने राशीतून मूठभर मीठ पदरात घेतलं.

"काय नेतेस गो?"

"मीठ."

"त्याला? आनि देवीचं काय?"

"देवीशी मी बोलले," शांती म्हणाली आणि चालू लागली. थोड्या वेळाने तिला कळलं, मागे फळी ठेवल्याचा आवाज आला होता आणि कोणीतरी मागून येत होतं.

घरी पुंडलिक जागचा हलला नव्हता. तिने पदर सोडला. राखाडी, जाड, ओलसर खडे. त्याने एक खडा बोटांत चोळला, वास घेतला, जिभेवर ठेवून डोळे मिटले.

"कडू हाय," तो म्हणाला. "वाफ्यात जुनं पानी ठेवलंय दादानं. ते काढून टाकायला पायजे व्हतं. घाई केली. मी सांगितलं व्हतं, जुनं पानी काढ, नवं घाल, खाडीला श्वास दे, खाडी आपली आई हाय, मी उघाडी खोलली तेव्हा..." तो पुन्हा सुरू झाला. पण हात ताटात होता. बोलता बोलता त्याने तो खडा भातावर चुरडला आणि घास तोंडात घातला. चावताना बोलत राहिला. शितं सदऱ्यावर उडत होती. दुसरा घास. तिसरा.

हरिश्चंद्र उंबऱ्याच्या बाहेर उभा होता. पाय खाऱ्या चिखलाने भरलेले, म्हणून आत येत नव्हता.

"जुनं पानी ठेवलं मी," तो शांतीला म्हणाला. "एकट्यानं किती काढनार?"

तो भावाच्या चावणाऱ्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

"गाडीवाल्याला ह्या आठवड्याला नको सांगतो," तो शेवटी म्हणाला. "ह्या आठवड्याला. पुढचं मी काय बोलत न्हाय." आणि वळताना सवयीने त्याच्या तोंडून गेलंच, "गोळी देतेस ना?"

शांतीने पाकीट फोडून नवी गोळी काढली. पाण्याचा पेला पुढे केला. पुंडलिकने बोलणं मधेच थांबवून गोळी घेतली, गिळली आणि कोणी न सांगताच आ करून जीभ बाहेर काढली, रोजच्यासारखी.

शांतीने वाकून बघितलं. गोळी नव्हती. जिभेच्या मधोमध मिठाचा एक खडा तेवढा राहिला होता, अजून न विरघळलेला.